जानेवारीत जत्रा, जुलैत शुकशुकाट: नोंदी ठेवणारी माणसं टिकतात कशानं?

तळ्याकाठी | ४ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते विचारतो.

आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर एक जुना पाझर तलाव आहे. महिन्यातून एका रविवारी आम्ही काही जण तिथले पक्षी मोजतो. येता-जाता वाटेवरच्या ठरलेल्या झाडांवर पालवी, फुलं, फळं काय आहे तेही लिहून ठेवतो. संस्था वगैरे काही नाही. एक व्हॉट्सॲप ग्रूप, दोन दुर्बिणी आणि एक वही, एवढाच संसार. नोंदी नंतर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या आणि सीझनवॉच या झाडांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर चढवतो.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते तेव्हा तलावाकाठी जत्रा. बदकं आलेली असतात, हवा गार असते, मोठमोठ्या लेन्सा घेऊन लोक शेजारच्या गावांतनं येतात. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या जगभरच्या पक्षीगणनेच्या चार दिवसांतही बरी हजेरी असते. होळी झाली की ओसरायला लागतं. जूनच्या गणनेला मी, आमचे निवृत्त कंडक्टर काका आणि त्यांचा नातू. नातवाला शाळा सुरू व्हायची होती म्हणून तो.

आता खरी वीण पावसातच होते. अडई, टिबुकली, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी यांची घरटी, पिल्लं सगळं जून ते सप्टेंबर. तलाव पाहुण्यांना आवडतो की नाही हे हिवाळ्यात कळतं, पण घरच्यांना तो परवडतो का, हे कळायला पावसाळ्यातच जावं लागतं. आणि नेमकं तेव्हा कोणी नसतं.

हे काम फुकाचं नाही हे मला ठाऊक आहे. २०२३ चा स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स अहवाल सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ जातींचा आढावा त्यात घेतलाय. एवढे शास्त्रज्ञ पगारावर ठेवायचे म्हटले तर कोणत्याच सरकारला झेपणार नाही.

तर प्रश्न असा. तुम्ही अशा कुठल्याही कामात, पक्षी असोत, झाडं, तारे, फुलपाखरं, पाऊस, पहिल्यांदा का गेलात? आणि टिकलात तर कशामुळे, सोडलंत तर कशामुळे? उपदेश नको, अनुभव सांगा.

---

कट्टेकरी | ४ जुलै, रात्री ९.५८

पोहे ठेवता का? आमच्याकडच्या टेकडी-सफाईत पोहे बंद झाले त्या महिन्यापासून उपस्थिती निम्मी. मी चेष्टा करत नाहीये.

---

दुर्बीणवाला | ४ जुलै, रात्री १०.३१

खरं सांगू का, मी विज्ञानाच्या सेवेला वगैरे आलोच नव्हतो. मला माझी यादी वाढवायची होती. आयुष्यात किती जाती पाहिल्या, या जिल्ह्यात किती, या वर्षी किती. लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी, मिळाला की आठवडाभर हवेत. आमच्यातल्या बहुतेकांचं हेच असतं, पण वर्तमानपत्राचा माणूस आला की सगळे 'निसर्ग संवर्धन' म्हणतात.

ईबर्डचाच इतिहास बघा. कॉर्नेलच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेनं आणि ऑडुबॉन सोसायटीनं २००२ मध्ये ते सुरू केलं. आधी हाक अशी होती की विज्ञानासाठी नोंदी द्या. प्रतिसाद बेताचा आला. मग त्यांनी रोख बदलला. तुमच्या याद्या आम्ही सांभाळतो, तुमचा राज्यातला, जिल्ह्यातला आकडा दाखवतो, इतरांच्या शेजारी तुमचं नाव लावतो. नोंदी देणाऱ्यांची संख्या जवळजवळ तिप्पट झाली. विज्ञानाला हवं ते मिळालं, फक्त मागायची पद्धत बदलावी लागली.

पण यादीच्या जोरावर माणूस फार तर दोन-तीन वर्षं पळतो. जवळपासच्या जाती पाहून संपतात, मग नवीन पक्ष्यासाठी तीनशे किलोमीटर जायचं किंवा कंटाळायचं. माझे निम्मे सोबती तिथंच गळले. मी टिकलो ते ठिकाणामुळे. माझी एक ओढ्याकाठची वाट आहे, साधीच. वेडे राघू, दयाळ, खंड्या, हिवाळ्यात धोबी. ईबर्डवर त्या जागेचा आठवड्यावार पट्ट्यांचा आलेख निघतो. कोणत्या आठवड्यात कोणता पक्षी किती वेळा नोंदला गेला ते त्यात दिसतं. ज्या आठवड्यात कोणीच गेलं नाही तिथं मोकळी जागा. मला ती मोकळी जागा बघवत नाही. यात परोपकार कुठं आहे ते मला तरी सापडलेलं नाही.

तळ्याकाठी, तुमच्या तलावाचा हा आलेख ग्रूपवर टाका. जून ते सप्टेंबर रिकामं दिसू दे. काही बोलू नका, नुसता टाका.

---

पारिजात | ४ जुलै, रात्री १०.४०

वाचतेय. छान धागा.

---

अनू_सेकंड_इयर | ४ जुलै, रात्री ११.१५

मी एनएसएसच्या तासांसाठी गेले होते, सरळ सांगते. कॉलेजात कॅम्पस बर्ड काउंट होता, सर म्हणाले सर्टिफिकेट मिळेल. आमच्या बॅचमधल्या सगळ्याच जणी त्यासाठी आल्या आणि सर्टिफिकेट मिळाल्यावर गेल्या. त्यात वाईट काय ते मला कळत नाही. त्या दिवसाच्या याद्या तर झाल्याच ना?

मी राहिले त्याचं कारण एक ईमेल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गावाकडे शेतातल्या तारेवर मला नीलपंख दिसला. पण नेहमीचा नाही, छाती पूर्ण निळी. भारतीय नीलपंखाची छाती तपकिरी असते. मी पुस्तकात बघून 'युरोपीय नीलपंख' लिहिलं. तो आपल्याकडून आफ्रिकेकडे जाताना थोडे दिवसच दिसतो. दोन दिवसांनी ईबर्डच्या तपासनिसाचा मेल आला की छातीचा रंग नीट दिसला का, पाठ कशी होती, फोटो आहे का. फोटो नव्हता. मी जे बघितलं ते सविस्तर लिहून पाठवलं. नोंद मान्य झाली आणि खाली "चांगलं वर्णन केलंत" असं एक वाक्य.

तोवर मला वाटायचं आपण ॲपमध्ये भरतो ते कुठंतरी विहिरीत जातं. कोणीतरी वाचलं, शंका घेतली, विचारलं. आमच्या असाइनमेंट पण कोणी इतक्या नीट वाचत नाही :)

---

दुर्बीणवाला | ४ जुलै, रात्री ११.२२

अनू, हे तपासनीससुद्धा बिनपगारी स्वयंसेवकच असतात बरं का. रात्री जेवण झाल्यावर बसून करतात.

---

शंकेखोर | ५ जुलै, सकाळी ७.०५

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडू.

संशोधकाला पगार, विद्यापीठाला शोधनिबंध, संस्थेला निधी. स्वयंसेवकाला पीडीएफ प्रमाणपत्र. आणि वर प्रश्न, की लोक टिकत का नाहीत? फुकट राबणारा माणूस टिकला नाही तर दोष त्याचा कसा?

दुसरं. ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. कल्पना सुंदर. गावोगाव फ्लेक्स लागतात, भाषणं होतात, त्याच आठवड्यात कुठंतरी तळ्यात भराव पडत असतो. नोंदी करून काय उपटलं, असं लोकांना वाटलं तर नवल नाही.

तिसरं. बुद्धपौर्णिमेला ताडोबा-मेळघाटच्या मचाणांवर जाणारी मंडळी. पूर्वी या रात्रीच्या मोजणीला पाणवठ्यावरची प्राणीगणना म्हणत. आता वाघ कॅमेरा ट्रॅपनं, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांनी मोजतात, म्हणून वनखात्यानंच त्याला 'निसर्गानुभव' नाव दिलंय. निदान ते प्रामाणिक आहे. बाकीच्यांनीही सांगून टाकावं की हा अनुभव आहे, विज्ञान बाजूला.

---

खगोल_कल्याणकर | ५ जुलै, सकाळी ९.५०

शंकेखोर यांच्या पहिल्या मुद्द्याकडे येतो, पण आधी आकाशातलं थोडं. या विषयावर सगळ्यात जास्त मोजमाप आमच्याकडे झालंय.

२००७ च्या जुलैत गॅलेक्सी झू सुरू झालं. दुर्बिणीनं टिपलेल्या जवळजवळ ९ लाख दीर्घिका (गॅलेक्सी), प्रत्येकीचा आकार बघून सांगायचा की सर्पिल आहे की लंबवर्तुळाकार. संगणकाला तेव्हा ते नीट जमत नव्हतं, माणसाच्या डोळ्याला क्षणात जमतं. पहिल्या वर्षात दीड लाख लोकांनी ५ कोटींवर वर्गीकरणं केली. मग त्यांनी स्वयंसेवकांनाच विचारलं की तुम्ही हे का करता. जवळपास ११ हजार उत्तरं आली. कारणांची यादी होती. सौंदर्य, शिकणं, मजा, विश्वाचा अफाटपणा, नवीन काही सापडण्याची आशा. पण मुख्य कारण म्हणून सर्वाधिक, सुमारे ४० टक्के लोकांनी निवडलं ते 'संशोधनाला हातभार'.

मला या आकड्यावर पूर्ण विश्वास नाही. एक तर प्रश्नावली भरतात ते टिकलेले लोक. एकदा येऊन गेलेला कशाला भरतोय? आणि 'हातभार' हे उत्तर द्यायला बरंही वाटतं. २०१५ मध्ये झूनिव्हर्सच्या, म्हणजे गॅलेक्सी झूसारखे प्रकल्प चालवणाऱ्या संकेतस्थळाच्या, सात प्रकल्पांचा हिशोब छापून आला. १० टक्के लोकांनी ७९ टक्के काम केलेलं होतं, आणि चारातले जवळजवळ तीन जण एकदाच येऊन गेले होते. म्हणजे तळ्याकाठी, तुमची जूनमधली तीन माणसं हा काही तुमच्या गावाचा दोष नाही. सगळीकडे हेच आहे.

आता मला वैयक्तिक आवडणारी गोष्ट. हॅनी व्हॅन आर्केल ही नेदरलंड्समधली शाळाशिक्षिका. दीर्घिका बघताना तिला एकीच्या खाली एक विचित्र ढग दिसला. पर्यायांत तो बसेना. तिनं चर्चामंचावर विचारलं, हे काय आहे? शास्त्रज्ञांनाही माहीत नव्हतं. पुढे कळलं की शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातला क्वेसार (अतितेजस्वी गाभा) विझला, पण त्याच्या जुन्या उजेडानं हा वायूचा ढग अजून झळाळतोय. तिच्याच नावानं तो आज ओळखला जातो. आता लाखातल्या एकालाच असं काही सापडतं. पण 'विचारलं तर कोणी उत्तर देतं' हे बाकीच्या सगळ्यांनी पाहिलं, आणि त्याचा परिणाम मोठा झाला असं मला वाटतं.

आपल्याकडेही रॅड ॲट होम म्हणून २०१३ पासून उपक्रम आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या माहितीत विद्यार्थी आणि हौशी लोक वेगळ्या धाटणीच्या दीर्घिका शोधतात. नारायणगावाजवळून गाडीनं जाताना त्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी काही दिसतात, आणि त्यांनी टिपलेलं आपण घरी बसून चाळू शकतो, याचं मला अजून अप्रूप आहे. तिथं काम अवघड आहे, आधी शिकावं लागतं. पण म्हणूनच शिकलेला माणूस सहसा सोडून जात नाही. सोपं करा, सोपं करा असं सगळे म्हणतात, मला ते अर्धंच पटतं.

शंकेखोर, श्रेयाचा मुद्दा बरोबर आहे. सापडलेल्या गोष्टीच्या निबंधात सापडवणाऱ्याचं नाव लागलंच पाहिजे. हॅनीचं लागलं.

---

समुद्रकन्या | ५ जुलै, सकाळी ११.१०

मुंबईकर. २०१७ मध्ये 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' सुरू झालं तेव्हापासून ओहोटीला खडकांवर जाणाऱ्यांतली एक.

मी का गेले? कुतूहल आणि थोडा अविश्वास. आमच्या घरी 'मुंबईचा समुद्र म्हणजे गटार' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. आणि मग गिरगाव चौपाटीच्या टोकाला, ट्रॅफिकचा आवाज मागे चालू असताना, पायाखाली समुद्री गोगलगाय, ऑक्टोपस, समुद्रफुलं. पहिल्या दिवशी मी ओरडलेच. फोटो काढून आयनॅचरलिस्ट या जीवजातींच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाकला तर कुठल्या तरी देशातल्या माणसानं तासाभरात जात सांगितली.

टिकले त्याला मात्र वेगळं कारण. ओहोटी आपल्या सोयीनं येत नाही. ती कधी पहाटे पाचला, कधी भर दुपारी. तक्ता बघून चार-पाच जणांनी एकमेकांना फोन करायचे, कोण येतंय, कुणाकडे बॅटरी आहे. या माणसांशी माझी ओळख दुसऱ्या कुठल्याच वाटेनं झाली नसती. एक कोळी काका आहेत, ते आम्हाला हसायचे, आता जाळ्यात काही वेगळं आलं की फोटो पाठवतात. त्यांच्यासाठी आम्ही जातो आणि आमच्यासाठी ते थांबतात, असं काहीसं झालंय.

आणि शंकेखोर यांना: हाजीअली-वरळीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत हे कोस्टल रोडच्या वेळी कायद्यानं विचारात घ्यावं लागलं, ते तिथून हलवावे लागले. हलवणं योग्य की अयोग्य यावर मी तासभर भांडू शकते. पण 'तिथं काही नाहीच' असं म्हणायची सोय उरली नाही.

---

शंकेखोर | ५ जुलै, दुपारी १२.०२

हे पटलं. हलवण्याबद्दलचं भांडण वेगळ्या धाग्यावर करू.

---

गच्चीवरची_आजी | ५ जुलै, दुपारी ३.३०

सर्व मुलांनो, छान लिहिताय. वय ७१. गुडघे गेलेले. मी कुठेच जात नाही, गच्चीतून पंधरा मिनिटे मोजते. कावळे, पारवे, बुलबुल, घारी, कधी तांबट. सूनबाई यादी भरून देते, आता मला पण येते.

सगळे म्हणतात चिमण्या नाहीशा झाल्या. मलाही तसेच वाटे. पक्ष्यांच्या त्याच अहवालाच्या २०२० च्या आवृत्तीत लिहिले होते की देशभर बघितले तर चिमणी बऱ्यापैकी टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र कमी झाली. मी नातवाला म्हटले, बघ, आपल्या गच्चीचे पण यात असेल. तो म्हणाला, आजी तुझे शून्य पण असेल. तेही खरेच.

पण तुमच्यापैकी कोणी लिहिले नाही ते लिहिते. बायका का टिकत नाहीत? तलावावर साडेपाचला जायचे, दहापर्यंत थांबायचे, आणि जवळपास बाथरूम नाही. मी साठीत असताना एका पक्षीगणनेला जात असे. आदल्या संध्याकाळपासून पाणी बेताने पीत असे. शेवटी सोडले. कोणी कारण विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. प्रेरणा वगैरे सगळे ठीक आहे.

---

अनू_सेकंड_इयर | ५ जुलै, दुपारी ३.४१

आजी +१०००. आणि परत यायला एसटी किती वाजता, हे पण.

---

पारिजात | ५ जुलै, दुपारी ३.५५

+१. वाचनमात्र राहणार होते, पण यासाठी पुन्हा लॉगिन केलं.

---

शाळामास्तर | ५ जुलै, रात्री ८.२०

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आम्ही मुलांसोबत सीझनवॉच करतो. २०१० पासून चाललेला उपक्रम आहे, सर्वांत जास्त शाळा केरळातल्या. एक झाड निवडायचे, दर आठवड्याला बघायचे आणि पाने, फुले, फळे 'नाहीत', 'थोडी' की 'बरीच' एवढे लिहायचे. फुटपट्टी लागत नाही, इंटरनेट महिन्यातून एकदा मिळाले तरी भागते.

पहिल्या वर्षी आम्ही वर्गाला मिळून पाच झाडे दिली. दिवाळीनंतर कोणी बघेना. सगळ्यांचे झाड म्हणजे कोणाचेच नाही. दुसऱ्या वर्षी दोघांना मिळून एक झाड दिले आणि ते त्यांनीच निवडायचे ठेवले. एकाने काटेसावर घेतली, एकीने घरामागचा फणस, दोघांनी बहाव्यासाठी भांडण केले. आता पालक येऊन सांगतात की पोरगं मामाच्या गावाला जाताना शेजाऱ्याला झाड सांभाळायला सांगून गेले.

'थोडी' आणि 'बरीच' यावरून जी वादावादी होते ती मला सर्वांत मोलाची वाटते. एक म्हणतो अर्ध्यापेक्षा जास्त फांद्यांवर फुले आहेत, दुसरा म्हणतो पलीकडून बघ. निरीक्षण म्हणजे काय हे मी फळ्यावर शिकवून शिकवता आले नसते. बहावा विषूच्या, म्हणजे केरळातल्या पाडव्याच्या, आधीच फुलतो आहे का, हा केरळातल्या मुलांचा प्रश्न आमच्या मुलांनाही पडला.

अडचण एकच. साहेब तपासणीला आले की उपक्रमाचा फोटो मागतात, वही कोणी उघडत नाही.

---

डेन्व्हरकर | ६ जुलै, पहाटे ४.१५

इथे कोलोराडोत राहतो, मूळचा चिपळूणचा. माझा उपक्रम पावसाचा. १९९७ च्या जुलैत इथल्या फोर्ट कॉलिन्स गावात पूर आला. एका टोकाला १० इंचांहून जास्त पाऊस आणि थोड्याच मैलांवर २ इंचांच्या आसपास. मोजायला पुरेशी यंत्रं नव्हती. त्यातून पुढच्या वर्षी विद्यापीठातल्या हवामान विभागानं लोकांनाच पर्जन्यमापक लावायला सांगितलं. आज अमेरिकाभर आणि कॅनडातही हजारो लोक सकाळी सातच्या सुमारास अंगणात जाऊन चार इंच व्यासाची नळी वाचतात. कोकोराज असं नाव आहे.

आता गंमत. इथं वर्षातले बहुतेक दिवस कोरडे. म्हणजे मी रोज उठून '०.००' भरतो. ते लोक सारखं सांगतात की शून्य भरा, शून्य ही नोंद आहे, न भरलेलं हे शून्य नव्हे. दुष्काळाचा नकाशा काढताना ही शून्यंही कामी येतात. पाऊस पडल्यावर कोणीही नळी बघायला धावतो, कोरड्या दिवशी जो जातो तो खरा नोंदकरी. तुमच्या जूनच्या रविवारीही हेच लागू.

मी का टिकलो? रोज सात वाजता एक छोटं, ठरलेलं काम, दोन मिनिटांचं. मोठं असतं तर केव्हाच सोडलं असतं. शिवाय गारपीट झाली की हवामान खात्याच्या नकाशावर माझा ठिपका दिसतो, बायकोला दाखवतो.

---

शिवारातला | ६ जुलै, सकाळी ६.५०

डेन्व्हरकर साहेब, तुमचं वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं.

आमच्याकडे महसूल मंडळाला एक हवामान यंत्र. मंडळात गावं दहा-पंधरा. यंत्राजवळ पाऊस झाला की आमच्या शिवारातही झाला असं धरतात. गेल्या खरिपात यंत्रावर पाऊस आणि आमच्याकडे धूळ. विमा कंपनीनं यंत्राचा आकडा दाखवला. मी तेव्हापासून बांधावर प्लास्टिकचं मापक लावलंय, रोज डायरीत लिहितो. तीन शेजाऱ्यांनीही लावलं. आम्हाला कोणी प्रेरणा दिली नाही, राग आला म्हणून लावलं.

आमची डायरी कोणी ग्राह्य धरत नाही. पण पेरणी कधी करायची ते आता आम्ही तिच्यावरनंच ठरवतो. त्यामुळे बंद पडणार नाही.

---

खगोल_कल्याणकर | ६ जुलै, सकाळी ९.०५

धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. राग हे कारण कुठल्याही प्रश्नावलीत नसतं.

---

कोचीवासी | ६ जुलै, दुपारी १.२५

नोकरीनिमित्त केरळात बरीच वर्षं. तळ्याकाठी यांच्या पावसाळ्याच्या प्रश्नावर केरळच्या पक्षी-नकाशाचं सांगावंसं वाटतं.

२०१५ ते २०२० मध्ये हजारावर स्वयंसेवकांनी अख्खं राज्य चौकटी पाडून पालथं घातलं. प्रत्येक चौकटीत दोनदा जायचं, एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा भर पावसात. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार याद्या. चौकटी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या, त्यामुळे कोणाला सुंदर जंगल आलं तर कोणाला रबराचा मळा किंवा बस डेपोमागची वस्ती. सुमारे २५ हजार याद्या, ३ लाख नोंदी, ३६१ जाती.

मी ज्या गटाबरोबर दोन मोसम गेलो तिथं कोणी 'या, मजा येईल' म्हणत नसे. यादी काढून सांगत: ही चौकट तुझी, या तारखेपर्यंत. माझी एक चौकट राहिली असती तर नकाशात तिथं भोक पडलं असतं, आणि कोणामुळे ते सगळ्यांना कळलं असतं. छत्री मानेत धरून दुर्बीण पुसत उभं राहायला तेवढं पुरतं. जिल्ह्याचा समन्वयक रात्री फोन करायचा, जळवा किती लागल्या विचारायचा. चौकट पूर्ण झाली की नकाशावर रंग भरलेला दिसायचा.

खुलं आमंत्रण दिलं की येणाऱ्याला वाटतं मी नाही गेलो तरी बाकीचे आहेतच. शाळामास्तरांची झाडं तेच सांगतायत.

---

दुर्बीणवाला | ६ जुलै, दुपारी १.४८

रबराचा मळा आलेल्याला माझा दंडवत. तीन जाती आणि साठ मिनिटं.

---

कोचीवासी | ६ जुलै, दुपारी १.५२

दोन. तिसरी शेजारच्या कोंबड्यांची होती.

---

शंकेखोर | ६ जुलै, संध्या. ६.३०

चौकटीचं मान्य. पण सांभाळून. नेमून दिलेलं काम आणि नोकरी यात फरक राहिला पाहिजे. माझ्या ओळखीची एक मुलगी एका संस्थेसाठी वर्षभर रात्री बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित करत होती. परीक्षेमुळे एक महिना चुकला तर ग्रूपवर सगळ्यांसमोर नाव घेऊन विचारणा. ती गेली ती गेलीच. जायची मोकळीक नसेल तर लोक यायलाच घाबरतात.

आणि नोंदींचं पुढे काय झालं ते परत येऊन सांगा, मराठीत. अहवाल संकेतस्थळावर सगळ्यांना खुला असतो, कबूल. आमच्या तलावावरच्या मासेमारी सोसायटीतल्या किती जणांनी तो उघडला?

---

तळ्याकाठी | ६ जुलै, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

दुर्बीणवाल्यांचा आलेख काल ग्रूपवर टाकला, काही न लिहिता. चार जणांनी विचारलं, जुलै कोरा का? दोघं येतो म्हणाले. बघू.

तलावाचे पाच भाग पाडतोय. सांडव्याकडचा, बाभळींचा, धोबीघाट, पलीकडची दलदल आणि मंदिराचा घाट. एकेका घराला एकेक. कोणाला जमलं नाही तर त्यांनी शेजारच्या भागवाल्याला सांगायचं, ग्रूपवर विचारणा नाही. शंकेखोर, हे तुमच्यामुळे.

आजी, मंदिराच्या धर्मशाळेचं स्वच्छतागृह सकाळी उघडं ठेवायला पुजाऱ्यांनी हो म्हटलंय. गणनेची वेळही सातची केली, पहिली एसटी पावणेसातला येते. याआधी आमच्यातल्या कोणीच हे विचारलं नव्हतं, आणि आमच्यातले सगळे पुरुष होते.

मासेमारी सोसायटीच्या फळ्यावर महिन्याचा आकडा खडूनं लिहायचं ठरवलंय. पाणकावळे वाढले की तिथं चर्चा आपोआप होईल, ती आमच्या बाजूनं असेलच असं नाही.

पोह्यांचं कंडक्टर काकांनी अंगावर घेतलंय.

---

कट्टेकरी | ६ जुलै, रात्री ९.२०

मी शंभर किलोमीटरवर राहतो. येतोय. मिसळ असेल तर मित्रालाही आणतो.

---

अनू_सेकंड_इयर | ६ जुलै, रात्री ९.३३

दलदलीचा भाग कोणी घेतला नसेल तर मला द्या. गमबूट आहेत. रस्ता सांडव्याकडून की मंदिराकडून?

---

तळ्याकाठी | ६ जुलै, रात्री ९.३७

मंदिराकडून. सांडव्याकडे आत्ता गुडघाभर चिखल आहे. येण्याच्या आदल्या दिवशी मला विपू (इथंच निरोप) करा, काका स्टँडवर घ्यायला येतील.